नवा फोन, जुना नंबर आणि बारा दिवस

माझ्याकडे लॅपटॉप नाही. होता, तो २०१९ साली बंद पडला. दुरुस्तीचा आकडा ऐकून मी त्याला माळ्यावर ठेवलं आणि ‘बघू पुढे’ म्हटलं. ते ‘पुढे’ अजून आलेलं नाही. मुद्रितशोधनाचं माझं सगळं काम तेव्हापासून फोनवर चालतं. प्रकाशकाकडून पीडीएफ येते, मी बोटाने खुणा करते, दुरुस्त्यांची यादी टाइप करून पाठवते, मागाहून बिल पाठवते, मग दोनदा आठवण केली की पैसे येतात. त्याला फोन म्हणायचं ते सवयीने. कॉल मी दिवसाला दोन-तीन करते. बाकी वेळ तो माझा हातातला संगणक असतो.

हा संगणक मी सात वर्षं बदलला नव्हता. या नोव्हेंबरात, म्हणजे २०२५ च्या, बदलला. दुकानातलं काम तासाभरात आटपलं, पुढचं आटपायला बारा दिवस लागले. त्या बारा दिवसांत जे कळलं ते कुणी आधी सांगितलं असतं तर निम्म्या खेपा वाचल्या असत्या, म्हणून हे लिहून ठेवते आहे.

जुना फोन २०१८ चा. गणपतीच्या सुमाराला त्याचं कव्हर एका बाजूने बसेना. मला वाटलं कव्हर सैल झालं. कव्हर काढल्यावर दिसलं की फोनचीच पाठ फुगली आहे. तरी मी वापरत राहिले, कारण चालत होता. (असं करू नका. पुढे याबद्दल बोलणी खाल्ली आहेत.) दोनशे पानांची पीडीएफ उघडायची तर मी ती टिचकी मारून चहाचं आधण ठेवायला जायचे. तेही सोसलं असतं. पण सप्टेंबरच्या शेवटी माझ्या सहकारी बँकेचं ॲप उघडलं तर समोर पाटी: पुढे वापरण्यासाठी अँड्रॉइडची नवी आवृत्ती हवी. माझा फोन अँड्रॉइड ९ वर थांबलेला, आणि बाहेर १६ आलेलं. म्हणजे फोन बंद पडला नव्हता, जगाने त्याला ओळखणं सोडलं होतं.

मुलगा पुण्यात शिकतो. तो म्हणाला, “आई, ऑनलाइन घे, दीड-दोन हजार वाचतील.” वाचले असते, पण मला फोन हातात धरून त्यावर डेमी आकाराचं पान वाचून बघायचं होतं. मराठी पुस्तकं बहुतेक डेमीत निघतात. साडेपाच इंच रुंद आणि साडेआठ इंच उंच. ते पान अख्खं पडद्यावर मावून त्यातला अनुस्वार चष्म्यातून दिसला पाहिजे, एवढीच माझी अट. ही अट कुठल्याच जाहिरातीत लिहिलेली नसते.

शनिवार, १ नोव्हेंबर. दिवाळी संपून आठवडा झाला होता, ठाण्याच्या गोखले रोडवर चालायला जागा होती. मी घरून एक पीडीएफ स्वतःला मेल करून ठेवली होती आणि तिसऱ्या दुकानातल्या मुलाला ती समोर ठेवलेल्या फोनवर उघडायला लावली. तो कॅमेरा दाखवायला उत्सुक होता. “काकू, पन्नास मेगापिक्सेल आहे.” मी म्हटलं, बाळा, मला ‘कि’ पहिली आहे की दुसरी ते दिसलं पाहिजे. त्याने हसत हसत चार फोनवर तेच पान उघडून दिलं. चौथ्यावर मी थांबले. पावणेसात इंची पडदा, आठ जीबी रॅम, २५६ जीबी जागा, किंमत १८,४९९ रुपये. सप्टेंबरात जीएसटीचे दर बदलले त्यामुळे स्वस्त मिळेल अशी माझी भाबडी समजूत होती. दुकानदाराने बिल दाखवून ती दूर केली: मोबाइलवर आधी १८ टक्के होता, आताही १८ टक्केच. उतरला तो एसी आणि मोठ्या टीव्हीवरचा.

पैसे देण्याआधी एक गोष्ट केली, ती सगळ्यांनी करावी. खोक्यावर पंधरा आकडी आयएमईआय नंबर असतो, प्रत्येक फोनची स्वतःची ओळख. नव्या फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश असं दाबलं की तोच नंबर पडद्यावर यायला हवा. मग जुन्या फोनवरून इंग्रजीत केवायएम ही तीन अक्षरं, एक जागा सोडून तो नंबर, असा एसएमएस १४४२२ वर पाठवायचा. उलट टपाली कंपनी आणि मॉडेल यांचं नाव येतं. माझं आलं, जुळलं, मग मी कार्ड काढलं.

खोक्यात चार्जर नव्हता. नुसती तार. जुन्या चार्जरची पिन वेगळी, नव्याची टाइप-सी. चार्जर १,१००, काच २५०, कव्हर ३५०. आणि हेडफोनची गोल पिन घालायला भोकच नाही, हे मला घरी आल्यावर कळलं. जुना फोन बदल्यात द्यावा म्हटलं तर दुकानातल्या मुलाने तो हातात घेतला आणि लगेच काउंटरवर ठेवला. “काकू, बॅटरी फुगलीये. हा आम्ही नाही घेणार. आणि तुम्ही हा उशीशी ठेवून झोपता?” झोपत होते.

पण त्याने तो घेतला नाही हे माझं नशीब. घेतला असता तर आठशे-हजार रुपयांसाठी मी तो देऊन मोकळी झाले असते आणि पुढची सगळी गाडी रुळावरून घसरली असती. जुना फोन त्याच दिवशी देऊ नका. निदान पंधरा दिवस जवळ ठेवा. तुम्ही तुम्हीच आहात याचे सगळे पुरावे त्याच्या पोटात असतात.

शनिवारी रात्री आणि रविवारी सामान हलवलं. दोन्ही फोन शेजारी ठेवून नव्यावर येणाऱ्या सूचना पाळत गेलं की फोननंबर, फोटो, ॲपची यादी, एसएमएस हे वायफायवरून जातं. मला तीन तास चाळीस मिनिटं लागली. जुना फोन त्या वेळात तव्यासारखा तापला. मी तो टेबलावरून उचलून गॅलरीच्या फरशीवर ठेवला आणि मुलाला व्हिडिओ कॉलवर दाखवलं, तिथे पहिली बोलणी खाल्ली. फुगलेली बॅटरी चार्जिंगला लावून कामाला जुंपायची नसते.

व्हॉट्सॲपचं वेगळं करावं लागतं. माझ्या व्हॉट्सॲपमध्ये अकरा जीबी ऐवज होता, कारण प्रकाशक मुद्रितं तिथेच टाकतात. त्याचा बॅकअप गूगलच्या फुकटच्या १५ जीबीमध्ये मोजला जातो, आणि ती जागा माझ्या मेलने आधीच भरलेली. मुलाने दुसरा रस्ता सांगितला: व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये ‘चॅट्स’ खाली संभाषणं थेट दुसऱ्या फोनवर नेण्याची सोय आहे. नव्या फोनवर आपला नंबर टाकायचा, ओटीपी जुन्या फोनवर येतो, मग नव्यावर दिसणारा चौकटी-चौकटींचा कोड जुन्याच्या कॅमेऱ्याने टिपायचा. सगळं जसंच्या तसं आलं, अगदी २०१९ मधल्या ‘गुड मॉर्निंग’सकट. संध्याकाळी सोसायटीत तुळशीचं लग्न होतं. मी अक्षता टाकून परत आले तेव्हा ९१ टक्के झालं होतं.

त्या रात्री मला वाटलं, झालं की! उद्या सिमकार्ड टाकलं की संपलं.

सोमवारी, ३ तारखेला, सिम टाकायला घेतलं तर ते ट्रेमध्ये बसेना. बळेच बसवलं तर फोन म्हणाला, सिम नाही. काढलं, पुसलं, फुंकर मारली, पुन्हा टाकलं. नाही. जुन्या फोनमध्ये टाकलं तर आपलं चालू.

कारण मला नंतर गॅलरीतल्या मुलीने सांगितलं. (मोबाइल कंपनीच्या दुकानाला गॅलरी म्हणतात.) ते कार्ड २०१६ चं, फोर-जी आलं तेव्हा बदललेलं, मायक्रो आकाराचं. २०१८ मध्ये फोन घेतला तेव्हा स्टेशनजवळच्या एकाने ते स्टेपलरसारख्या कटरने कापून नॅनो करून दिलं होतं, वीस रुपयांत. लांबी-रुंदी कापता येते, जाडी कापता येत नाही. मायक्रो कार्ड पाऊण मिलिमीटरहून किंचित जाड, ०.७६, नॅनो ०.६७. जुन्या फोनने तो दशांशाएवढा फरक पोटात घेतला होता, नवा घेईना. “मॅडम, कार्ड बदलून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे,” ती म्हणाली. तिने माझा नंबर टाकला आणि पडद्याकडे बघून विचारलं, “पण हा नंबर तुमच्या नावावर नाहीये.”

नव्हताच. मी विसरले होते.

२००६ साली लग्न होऊन मी कळव्याला आले तेव्हा माझं नाव कागदोपत्री कुठेच नव्हतं. माहेरच्या रेशनकार्डातून कमी झालेलं, सासरच्या कार्डात अजून चढायचं होतं. सिमकार्डाला पत्त्याचा पुरावा हवा. दादा म्हणाला, माझ्या नावावर घेऊ आत्ता, नंतर बदलू. त्या ‘नंतर’ला एकोणीस वर्षं झाली. २०१६ चं कार्डही त्यानेच बदलून आणून दिलं होतं, त्यामुळे मला कधी काही जाणवलं नाही. या नंबरावर माझं आधार आहे, दोन बँका आहेत, गॅस आहे, मुलाचं कॉलेज आहे, आणि तो नंबर माझा नाही! तसा पुरावा दर वर्षी मिळायचा खरा. दादाच्या वाढदिवसाला सकाळी आठ वाजता कंपनीचा शुभेच्छांचा एसएमएस माझ्या फोनवर यायचा, त्याच्या नावाने. मी तो बघून त्याला फोन करायचे.

गॅलरीतल्या मुलीने कागदावर लिहून दिलं ते इथे देते. मालकी बदलायची तर ज्याच्या नावावर नंबर आहे तो माणूस स्वतः हवा. त्याचं मूळ आधार, माझं मूळ आधार, दोघांच्या एकेक प्रती. फोटो तिथेच काढतात. जुनं कार्ड चालू स्थितीत हवं, कारण त्यावर ओटीपी येतो. म्हणजे ते जुन्या फोनमध्ये परत घालून आणायचं. आणि एक इशारा: नवं कार्ड सुरू झाल्यावर पहिले चोवीस तास एसएमएस ना येणार, ना जाणार. हा नियम दूरसंचार विभागाचा आहे, कुणी परस्पर आपलं सिम बदलून ओटीपी लांबवू नये म्हणून. सात दिवस कंपनीही बदलता येत नाही. गैरसोय होते, पण हा नियम मला पटला. माझा राग होता तो स्वतःवर.

घरी येऊन मी संचार साथी उघडलं. दूरसंचार विभागाचं हे पोर्टल आहे. आपल्या नंबरावर आलेला ओटीपी टाकला की तो नंबर ज्याच्या नावावर आहे त्या माणसाच्या नावावर किती जोडण्या आहेत ते दिसतं. दिसल्या तीन. शेवटचे चार आकडेच नीट दिसतात, पण एक माझा होता आणि दोन दादाचे. ज्यांचा नंबर वडिलांच्या, नवऱ्याच्या, दिराच्या नावावर असेल त्यांनी हे आज रात्री बघून घ्या. माणूस हयात आणि हिंडता-फिरता आहे तोवर हे काम एका सकाळचं असतं.

दादा बदलापूरला राहतो. बुधवारी, ५ तारखेला, गुरुनानक जयंतीची सुट्टी होती म्हणून तो आला. दहाच्या सुमाराला ठाणे स्टेशनवर भेटलो, स्टेशनाला जोडलेल्या सॅटिस पुलावरून चालत गॅलरीत. आमच्या आधी नऊ जण. दादाने टोकन हातात घेऊन विचारलं, “एवढा खटाटोप कशाला? माझ्याच नावावर राहू दे की, मी काय बिल मागतोय?”

“दादा, उद्या तू अमेरिकेला गेलास तर?”

“मी डोंबिवलीला जायचा कंटाळा करतो.”

आमचा नंबर आला पावणेबाराला. दादाचं बोट पहिल्या फटक्यात लागलं. माझं लागेना. डावा अंगठा, उजवा अंगठा, मधलं बोट. भांडी, पीठ, लिंबू. बोटांवरच्या रेषा जातात हो. मुलीने ओला टिश्यू दिला, मग कोरडा दिला, मग म्हणाली जरा हात चोळून ऊब आणा. सातव्या खेपेला उजव्या हाताची तर्जनी लागली, खुणा करायची तीच. रेषा गेलेल्या असतील तर गॅलरीत जाताना हाताला थोडं तेल किंवा क्रीम चोळून जा, आदल्या रात्रीपासून, हा सल्ला माझ्या मागे रांगेत असलेल्या आजींचा. मी करून पाहिलेला नाही, पण त्यांना अनुभव दिसत होता.

कार्डाचे ५० रुपये, झेरॉक्सचे १२. फोन बंद झाला दुपारी दीडला, नव्या कार्डाला रेंज आली संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी. मधल्या वेळात आम्ही तलावपाळीला एक चक्कर मारली आणि मिसळ खाल्ली. गप्पा मारायला एवढा निवांत वेळ आम्हाला दिवाळीतही मिळाला नव्हता.

मग सुरू झाले ते चोवीस तास. कॉल येत होते, इंटरनेट होतं, व्हॉट्सॲप चालू होतं; फक्त एसएमएस नाही. एसएमएस नाही म्हणजे ओटीपी नाही, आणि यूपीआय ॲप नव्या फोनवर सुरू करायचं तर ते आपल्या सिमवरून बँकेला एक एसएमएस पाठवून खात्री करतं. तोही जाणार नाही. गुरुवारी सकाळी भाजीवाल्याकडे मी शंभराची नोट काढली तर तो म्हणाला, “ताई, सुट्टे नाहीत, स्कॅन करा ना.” मी त्याला उरलेल्या पैशांची कोथिंबीर द्यायला सांगितली. अजून चटणी चालू आहे.

हे चोवीस तास येणार असं माहीत असेल तर आदल्या दिवशी एटीएममधून दोन-तीन हजार काढून ठेवा, त्यात दहा-वीसच्या नोटा घ्या. त्या दिवशी कुणाचा हप्ता किंवा फी द्यायची असेल तर आधीच देऊन टाका. मी दिली नव्हती.

गुरुवारी, ६ तारखेला संध्याकाळी साडेसहाच्या आसपास एकदम सात एसएमएस आले. त्यातला एकही कामाचा नव्हता, पण मी सगळे वाचले. यूपीआय सुरू करताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. बँकेला जोडलेलं सिम फोनमध्येच हवं, दोन सिम असतील तर ॲप विचारेल तेव्हा योग्य ते निवडा. आणि पॅकमध्ये एसएमएस शिल्लक हवेत. स्वस्तातल्या काही पॅकमध्ये ते नसतात, मग थोडा बॅलन्स ठेवावा लागतो. माझा पिन जुनाच चालला, नवा करावा लागला नाही. मात्र फोन बदलल्यावर पहिले चोवीस तास ५,००० रुपयांची मर्यादा. मुलाच्या मेसचे ९,५०० द्यायचे होते, मुदत ७ तारीख. पाच त्या रात्री, साडेचार शुक्रवारी रात्री. मेसवाल्या काकूंनी काही म्हटलं नाही. मुलगा म्हणाला, “हप्त्याने जेवतोय मी.”

ज्या बँकेमुळे हे सगळं सुरू झालं तिचं ॲप राहिलंच होतं. शुक्रवारी ते घातलं, नंबर घातला, उत्तर आलं: आपली नोंद दुसऱ्या उपकरणावर आहे, शाखेशी संपर्क साधा. शाखेत फोन केला, कुणी उचलला नाही. शनिवारी, ८ तारखेला, सकाळी शाखेच्या बंद शटरसमोर उभी राहिल्यावर आठवलं, दुसरा शनिवार. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात हे मला पाठ आहे, दर महिन्याला नव्याने पाठ होतं.

सोमवारी, १० तारखेला, अर्ज भरला. ‘उपकरण नोंदणी रद्द करणेबाबत’ असा त्याचा विषय. त्यात ‘नोंदणी’तली ‘णी’ ऱ्हस्व छापली होती. मी पेनाने दुरुस्त करणार होते, हात आवरला. काम अडकलेलं असताना व्याकरण काढू नये. पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत, आधारची प्रत, सही. सही जुळेना. लग्नानंतर खातं उघडलं तेव्हा मी पूर्ण नाव लिहायचे, बापरे, सगळ्या वेलांट्यांसकट. आता नुसती रेघ मारते. अधिकाऱ्यांनी जुनी सही संगणकावर वळवून दाखवली आणि म्हणाले, “अशी करा.” मी माझीच सही नक्कल करून केली, तिसऱ्यांदा जमली. नव्या सहीचा अर्जही त्याच खेपेत भरून टाकला. बुधवारी, १२ तारखेला, दुपारी ॲप उघडलं.

आता फोन कसा आहे ते सांगते. तेच विचारायला लोक येतात आणि मला ते सांगायचं राहून जातं.

पडदा सुरेख. सरकवताना अक्षरं फरफटत नाहीत, जुन्यावर ओळ थांबेपर्यंत वाचता यायची नाही. अख्खं डेमी पान मावतं. कळवा ते दादर उन्हाच्या बाजूला बसूनही वाचता येतं. दोनशे पानांची पीडीएफ चहाच्या आधी उघडते, त्यामुळे माझा एक चहा कमी झाला. वजन मात्र जाणवतं. पहिल्या आठवड्यात उजवी करंगळी दुखली, कारण मी फोन खालून तिच्यावर तोलते. आता मांडीवर उशी घेते. बोटाचा ठसा पडद्याखाली, आणि माझ्या ठशांची कथा वर आलीच आहे. मी सहा आकडी पिन ठेवला. कॅमेऱ्याबद्दल सगळे विचारतात. आहे.

खरी अडचण आली ती कळफलकाची. जुन्या फोनचा कळफलक सात वर्षांत माझी भाषा शिकला होता. ‘मु’ म्हटलं की ‘मुद्रित’ पुढे करायचा, ‘पू’ला ‘पूर्वपद’ द्यायचा. नव्याला काहीच ठाऊक नाही. पहिल्या दिवशी त्याने बरोबर ओळखलेला एकमेव शब्द म्हणजे ‘कळवा’, आणि तोही पत्ता म्हणून नव्हे, ‘निरोप द्या’ या अर्थाने, कारण पुढचा शब्द त्याने ‘लवकर’ सुचवला. कळफलकाच्या सेटिंगमध्ये वैयक्तिक शब्दकोश असतो. जुना फोन पुसण्याआधी तो उतरवून घ्या. मी घेतला नाही. आता एकेक शब्द शिकवते आहे, नवीन सुनेला डबे दाखवावेत तसं.

आणि एक धक्का. एका लेखकाच्या जुन्या टाइप केलेल्या मजकुरात मी ‘दुसऱ्या’ शोधलं तर सापडले तीन. मला समोर डझनभर दिसत होते. पोटात गोळा आला, वाटलं फाइल अर्धवट उतरली, आता सगळ्याच फाइली तपासाव्या लागणार. तासाभराने ट्यूब पेटली. त्या अर्ध्या ‘र’ला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरांच्या ठरलेल्या सांकेतिक यादीत, दोन वाटा आहेत: एकीत नुक्ता म्हणजे खाली टिंब असलेला ‘ऱ’ वापरतात, दुसरीत साधा ‘र’, हलन्त आणि मागे एक न दिसणारं जोडचिन्ह, झीरो विड्थ जॉइनर. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, शोधणाऱ्या यंत्राला ते दोन वेगळे शब्द. नवा कळफलक पहिल्या वाटेने लिहितो, लेखकाने दुसरीने लिहिलं होतं. फाइली सगळ्या शाबूत होत्या. फोन बदलल्यावर शोधून काही सापडलं नाही तर रडण्याआधी जुन्या मजकुरातला शब्द उचलून शोधाच्या चौकटीत चिकटवून बघा.

जुना फोन १३ तारखेला पुसला. आधी गूगल खातं त्यातून काढायचं, मग सगळं मूळपदावर आणायचं. उलट केलं तर तो पुढच्या माणसाकडे आपला पासवर्ड मागत बसू शकतो. नंतर बंद करून पत्र्याच्या बिस्किटाच्या डब्यात, सावलीत ठेवला. फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, ओल्या-सुक्या कचऱ्यात तर मुळीच टाकायची नाही. सोसायटीत ई-कचरा न्यायला माणूस येतो, त्याला आधी फोन करून ‘बॅटरी फुगलेली आहे’ असं सांगितलं. तो हातमोजे घालून आला.

त्या रात्री संचार साथी पुन्हा उघडलं. माझ्या नावावर एक जोडणी. दादाला त्याच्याकडून बघायला लावलं, त्याच्या नावावर दोन.

मग नव्या फोनच्या कॅलेंडरमध्ये पहिली नोंद केली. आता कंपनी मला त्याच्या वाढदिवसाचा एसएमएस पाठवणार नाही. २१ जानेवारी, दादा, दर वर्षी. वेळ विचारली तेव्हा सकाळी आठ टाकली.